सीमेपलीकडचा पांढरा नकाशा : दक्षिण आशियाच्या मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव आणि अफगाणिस्तान या देशांच्या परराष्ट्र, पर्यावरण आणि विज्ञान खात्यांचे मंत्री

स. न. वि. वि.

माझ्या संगणकात एक फाइल आहे. डावीकडच्या स्तंभांत सीमेच्या आमच्या बाजूच्या पर्जन्यमापकांचे रोजचे आकडे, उजवीकडच्या स्तंभांत पलीकडच्या बाजूचे. डावे स्तंभ आजतागायत भरत आले आहेत. उजवे एका जुलैच्या मध्यावर थांबतात. तिथला पाऊस काही थांबला नव्हता. पलीकडच्या माझ्या सहकाऱ्याला वरून कळवण्यात आले की यापुढे आकडे पाठवायचे तर नव्याने परवानगी घ्या. त्याने अर्ज केला. त्या अर्जाचे पुढे काय झाले हे त्यालाही कधी कळले नाही.

आमचा प्रकल्प तीन देशांचा होता. पैसा थोडा, मुदत तीन वर्षांची, आणि प्रश्न साधा : एकाच दिवशी कोसळणारा मुसळधार पाऊस वाढतो आहे का, आणि वाढत असेल तर कुठे? अंतिम अहवालात जो नकाशा छापला त्यात सीमेपर्यंत निळ्या-जांभळ्या छटा आहेत आणि सीमेपलीकडे कोरा पांढरा कागद. परीक्षकाने शेरा मारला, ‘पांढऱ्या भागात पाऊस शून्य आहे की आकडे उपलब्ध नाहीत, हे स्पष्ट करावे.’ मी खाली एका ओळीची टीप घातली. इतकी वर्षे शोधनिबंध लिहिते आहे, पण ती एक ओळ लिहिताना जेवढे ओशाळल्यासारखे झाले तेवढे कधी झाले नव्हते.

हे पत्र आधी बंद पाकिटातून, रीतसर मार्गाने पाठवले होते. पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून आता ते सगळ्यांसमोर वाचून दाखवते आहे. तुमच्यापैकी कुणा एका देशावर माझा राग नाही. आठांना मिळून जी एक सवय जडली आहे तिच्याबद्दल तक्रार आहे. शिखर परिषदेत जाहीरनामा काढायचा, एखादे केंद्र उघडायचे, राजकारण बिघडले की त्या केंद्राकडे फिरकायचे नाही, आणि मग ते नक्की केव्हा बंद पडले हेही कुणाला सांगता येऊ नये, अशी ती सवय.

या अभ्यासात आपला भाग नवखा नाही, हे आधी सांगायला हवे. १८७५ साली भारतीय हवामान खाते सुरू झाले. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये हिमालयावर पडणारा बर्फ आणि त्यानंतर येणारा मोसमी पाऊस यांचा संबंध मांडला. १९०४ पासून वीस वर्षे या खात्याची धुरा सांभाळणाऱ्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरातल्या ठाण्यांवरून दाब, तापमान, पाऊस यांचे आकडे मागवले आणि त्यांची एकमेकांशी सांगड घालत बसले. हिंदी महासागर ते प्रशांत महासागर असा हवेच्या दाबाचा जो झोका चालतो त्याला ‘दक्षिणी आंदोलन’ हे नाव त्यांनी दिले. एल निनोचे आजचे शास्त्र त्या कामाच्या खांद्यावर उभे आहे. वॉकरसाहेबांना ते जमले कारण आकडे त्यांच्या टेबलावर येऊन पडत होते. अर्थात तो साम्राज्याचा काळ. तारायंत्रही त्यांचे, ठाणीही त्यांची, कारकूनही त्यांचे. त्या दिवसांचे गोडवे मला गायचे नाहीत. पण साम्राज्य गेल्यावर तेच काम बरोबरीच्या नात्याने चालू ठेवायला आपल्याला कुणी अडवले होते?

एका बाबतीत आपण ते चालू ठेवलेही, आणि ते उदाहरण मी मुद्दाम तक्रारींच्या आधी देते आहे. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला चक्रीवादळ आजच्या बांगलादेशच्या किनाऱ्यावर आदळले. निदान तीन लाख माणसे गेली असावीत असे मानले जाते. त्यानंतर १९७२ मध्ये जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा आशिया-प्रशांत आयोग यांनी मिळून बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्रातल्या वादळांसाठी एक समिती नेमली. आज तिच्यात १३ देश आहेत. भारत आणि पाकिस्तान आहेत, इराण आणि सौदी अरेबिया आहेत, म्यानमार आणि येमेनही आहेत. या देशांनी प्रत्येकी १३ नावे सुचवली आणि २०२० मध्ये १६९ नावांची यादी तयार झाली. दिल्लीचे विभागीय केंद्र वादळाचा माग काढते आणि त्याचे अंदाज सगळ्या सदस्यांकडे जातात. १९९१ च्या वादळात बांगलादेशात सुमारे १ लाख ३८ हजार लोक मृत्युमुखी पडले होते. २०२० च्या अम्फानमध्ये भारत आणि बांगलादेश मिळून मृतांची संख्या सव्वाशेच्या आसपास राहिली. यात निवाऱ्यांचा, गावोगावच्या स्वयंसेवकांचा, रस्त्यांचा, फोनचा वाटा फार मोठा आहे, हे खरेच. पण वादळ कुठे येणार हे तीन-चार दिवस आधी ठाऊक नसते तर निवाऱ्यात माणसे नेली कुणी असती?

म्हणजे जमते. वादळाचे नाव ठरवायला आपण एका टेबलावर बसतो. तेच वादळ ज्या नदीत पाणी ओतते त्या नदीचा आकडा मात्र पलीकडच्याला सांगत नाही.

माझी पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार याच आकड्यांची आहे.

२०२२ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सिंध आणि बलुचिस्तान बुडाले. पाकिस्तानात १,७०० हून अधिक माणसे गेली, ३ कोटी ३० लाखांना त्या पुराची झळ बसली. त्या पावसामागची कमी दाबाची क्षेत्रे बंगालच्या उपसागरातून निघून मध्य भारत ओलांडत पश्चिमेला गेली होती. एरवी ती वाटेतच वळतात किंवा विरून जातात. त्या वर्षी इतकी दूरवर का गेली, पुढे अशी वारंवार जातील का, हा मोसमी पावसाच्या अभ्यासातला अगदी कळीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर त्या प्रवासाच्या वाटेवरची सगळी मोजमापे एका ठिकाणी हवीत. प्रत्यक्षात भारताच्या पावसाचा जो जाळीबद्ध, म्हणजे नकाशावरच्या चौकोनाचौकोनांत मांडलेला आकडेसंच आम्ही रोज वापरतो तो भारताच्या सीमेवर संपतो. पलीकडचा त्यांच्या सीमेवर सुरू होतो. पावसाने एका वाटेने केलेला प्रवास दोन दप्तरांत अर्धा-अर्धा लिहिलेला आहे.

मग आम्ही काय करतो? सांगायला जरा लाज वाटते. जपानी शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये ‘अफ्रोडाइट’ नावाचा प्रकल्प हाती घेतला आणि आशियाभरच्या पर्जन्यमापकांचे आकडे गोळा करून १९५१ पासूनचा रोजचा पाऊस जाळीवर मांडला. शेजाऱ्याच्या अंगणात किती पाऊस पडला हे आम्हाला जपानहून कळते. जमिनीखालच्या पाण्याचीही तीच गत. २००२ मध्ये अमेरिका आणि जर्मनीने सोडलेल्या ‘ग्रेस’ या जुळ्या उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातले सूक्ष्म फरक मोजले. राजस्थान, पंजाब आणि हरियाणात २००२ ते २००८ या काळात सुमारे १०९ घन किलोमीटर भूजल संपले, हे २००९ साली त्यांवरून जगाला समजले. ज्या थरांतून ते पाणी उपसले जाते ते वाघ्याच्या फाटकापाशी संपत नाहीत. विहिरी दोन्हीकडे आहेत, विहिरींतली पातळी मोजणारे लोकही दोन्हीकडे आहेत. पण त्या दोन वह्या शेजारी-शेजारी ठेवून पाहण्याची सोय नाही. चारशे-पाचशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहाला जे दिसते ते आपल्याला पायाखालचे असून विचारता येत नाही.

नद्यांचे तर बोलायलाच नको. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू या खोऱ्यांतले प्रवाहाचे आकडे भारतात गोपनीय वर्गात मोडतात. भारतातल्या संशोधकालासुद्धा ते सहज मिळत नाहीत, मग ढाक्यातल्या किंवा काठमांडूतल्या संशोधकाचे काय सांगावे. इतर देशांचा कारभार याहून फार उदार आहे अशातला भाग नाही. मला आठवते, २०१७ साली डोकलामचा तणाव चालू असताना चीनकडून ब्रह्मपुत्रेचे पावसाळी आकडे आले नाहीत. ठाण्याची दुरुस्ती चालू आहे, असे कारण मिळाले. तेव्हा आपल्याकडे केवढा संताप उसळला होता. तो योग्यच होता. वरच्या अंगाला बसलेल्या शेजाऱ्याने पाण्याचा आकडा दाबून धरला की खालच्या अंगाला काय वाटते, ते त्या पावसाळ्यात भारताला नेमके कळले. भारताच्याही खालच्या अंगाला कुणी आहे, एवढेच मला त्यात जोडायचे आहे.

सिंधूबद्दल लिहिताना हात जपून चालवावा लागतो. १९६० च्या सिंधू जलकराराच्या सहाव्या कलमात नद्यांच्या रोजच्या मोजमापांची दर महिन्याला देवाणघेवाण करण्याची तरतूद आहे. लढाया झाल्या तरी तो करार टिकला होता. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने तो स्थगित ठेवला. त्या निर्णयाची चर्चा करण्याची ही जागा नाही. निरपराध माणसे मारली गेली होती आणि लोकांचा राग खरा होता, माझाही होता. मला बोलायचे आहे ते त्यानंतरच्या ऑगस्टबद्दल. जम्मूतून पाकिस्तानात जाणाऱ्या तवी नदीला पूर येणार अशी चिन्हे दिसताच भारताने माणुसकीच्या भूमिकेतून, उच्चायोगामार्फत, पाकिस्तानला इशारा दिला. चांगले केले. पण पुराचा इशारा ही कुणाच्या तरी मनाच्या मोठेपणावर सोडायची गोष्ट आहे का? पुढच्या वेळी मन तेवढे मोठे नसले तर?

आणि संशोधनाला तर आजचे आकडे लागतही नाहीत. वीस वर्षांपूर्वीचे मिळाले तरी आमचे अर्धे काम होईल. वीस वर्षांपूर्वी वाहून समुद्राला मिळालेल्या पाण्यात लष्करी गुपित ते काय उरले असेल, हे मला कुणी तरी समजावून सांगावे. ज्याला वाईट हेतूने धरणे आणि नद्या पाहायच्या आहेत त्याच्याकडे उपग्रह आहेत. बंदी आडवी येते ती आमच्यासारख्यांना.

दुसरी तक्रार संस्थांची.

१९९५ मध्ये ढाक्यात सार्कचे, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या सहकार्य संघटनेचे, हवामान संशोधन केंद्र सुरू झाले. पुढे मालदीवमध्ये किनारपट्टी व्यवस्थापनाचे, भूतानमध्ये वनांचे आणि २००६ मध्ये दिल्लीत आपत्ती व्यवस्थापनाचे केंद्र निघाले. ढाक्याच्या केंद्राच्या निमित्ताने एक सुरेख काम उभे राहिले होते. पूर्व भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान या पट्ट्यात उन्हाळ्यात जी गडगडाटी वादळे येतात, ज्यांना बंगालमध्ये कालबैशाखी म्हणतात, त्यांची एकाच वेळी चारही देशांत मोजणी करण्याचा प्रयोग २००९ पासून सुरू झाला. कालबैशाखी दोन-चार तासांचा खेळ असतो. ढग एका देशात जन्मतो, दुसऱ्यात फुटतो. त्याचा अभ्यास एका देशाने करताच येत नाही. हे ज्यांनी ओळखले त्यांना माझा नमस्कार.

मग नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूला सार्कची शिखर परिषद झाली, ती शेवटचीच ठरली. २०१६ ची इस्लामाबादची परिषद उरीच्या हल्ल्यानंतर रद्द झाली. दरम्यान ही चारही केंद्रे एकत्र करायचे ठरले होते. ढाक्याचे दार बंद झाले. २०१६ मध्ये गांधीनगरला जे एकत्रित केंद्र सुरू झाले त्याच्या नावातच ‘अंतरिम’ हा शब्द होता. आपत्ती व्यवस्थापनाचे थोडे काम तिथे होते, ते मी नाकारत नाही. पण हवामानबदलाच्या संयुक्त संशोधनाचे घोंगडे तेव्हापासून भिजतच पडले आहे. २०१० साली थिंपूला आठही देशांनी पर्यावरण सहकार्याच्या करारावर सह्या केल्या होत्या. २०१३ पासून तो अमलात आहे. अमलात म्हणजे कागदावर.

शिखर परिषदांवर अवलंबून नसलेल्या गोष्टी मात्र तगल्या. दरवर्षी मोसमी पावसाआधी दक्षिण आशियातले हवामानतज्ज्ञ एकत्र बसून साऱ्या भागाचा एकच अंदाज काढतात. त्यांची पहिली बैठक एप्रिल २०१० मध्ये पुण्यात झाली. तिथे राष्ट्रगीते होत नाहीत, छायाचित्रकार येत नाहीत, कदाचित म्हणूनच ती चालू राहिली. काठमांडूचे पर्वतीय विकासाचे आंतरराष्ट्रीय केंद्र, इसिमोड, १९८३ पासून उभे आहे. त्यात भारत, पाकिस्तान आणि चीन तिघेही सदस्य आहेत. हिंदुकुश-हिमालयाचा जो मोठा आढावा त्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला त्यात म्हटले आहे की जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी शतकाअखेर इथल्या हिमनद्यांचा एक तृतीयांश बर्फ गेलेला असेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाक हिमसरोवराचा बांध फुटला, चुंगथांगचे धरण वाहून गेले, आणि तिस्तेच्या काठाने ती वार्ता आणि तो गाळ खाली बांगलादेशाकडे निघाला. अशी सरोवरे नेपाळात आहेत, भूतानमध्ये आहेत, तिबेटात आहेत. फुटेल तिथले पाणी एका देशाचे आणि नुकसान दुसऱ्याचे, असा हा मामला आहे.

तिसरी तक्रार पैशाची, आणि इथे मी जरा इतिहासात शिरते.

१९७० च्या दशकात स्कँडिनेव्हियातली तळी आम्लपावसाने मरू लागली. धूर दुसऱ्याच देशांचा होता. शीतयुद्ध ऐन भरात असताना, १९७९ मध्ये जिनिव्हाला पूर्व आणि पश्चिम युरोपच्या देशांनी सीमापार हवाप्रदूषणाच्या करारावर सह्या केल्या. एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून बसलेले हे देश. तरी गंधक किती, कुठून आले, कुठे पडले याची मोजमापे एका जाळ्यात घालायला तयार झाले. माझ्या मते सगळ्यांत शहाणपणाचे पाऊल पुढे पडले. १९८४ मध्ये त्यांनी आणखी एक मसुदा केला, ज्यात या मोजणीच्या जाळ्याचा खर्च कुणी किती उचलायचा ते बांधून टाकले. मोजणी कुणाच्या मर्जीवर राहिली नाही. गंधकाचे उत्सर्जन कमी करण्याचे पुढचे करार झाले ते या आकड्यांच्या पायावर.

आता आपले बघा. १९९९ च्या हिवाळ्यात हिंदी महासागरावर जो मोठा प्रयोग झाला, त्यात विमाने, जहाजे आणि मालदीवमधल्या ठाण्यांवरून असे दिसले की उपखंडावरचा करडा-तपकिरी धुरकट थर समुद्रावर दूर विषुववृत्तापर्यंत पसरतो. व्ही. रामनाथन आणि पॉल क्रुट्झेन या वातावरणशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेले ते काम आजही दाखला म्हणून दिले जाते. त्याच्याही आदल्या वर्षी, एप्रिल १९९८ मध्ये, आपण मालदीवच्या राजधानीत, मालेला जमून सीमापार हवाप्रदूषणाचा जाहीरनामा काढला होता. भाषा उत्तम होती. पण जिनिव्हासारखे त्याला बंधन नव्हते, आणि १९८४ सारखा पैशाचा मसुदा त्याच्या मागून कधी आलाच नाही. त्या ढगावरून आपण घनघोर वाद मात्र घातला, तो त्याच्या नावावरून. ‘आशियाई तपकिरी ढग’ हे नाव भारताला खटकले, मग ‘आशियाई’ जाऊन ‘वातावरणीय’ आले. शास्त्राच्या दृष्टीने तो बदल गैर नव्हता, असे ढग इतर खंडांवरही असतात. पण नाव बदलल्याने कुणाचा खोकला थांबल्याचे ऐकिवात नाही. दर हिवाळ्यात लाहोर आणि दिल्ली कोणाचा धूर कोणाकडे गेला यावर भांडतात, आणि ते भांडण मिटवू शकेल असे दोघांना मान्य असलेले मोजमाप अस्तित्वात नाही.

दुसऱ्या खंडांनी हा प्रश्न कसा सोडवला तेही पाहा. १९९२ मध्ये मॉन्टेव्हिडिओला अमेरिका खंडांतल्या देशांनी जागतिक बदलांच्या संशोधनासाठी एक आंतरराष्ट्रीय संस्था करार करून स्थापन केली. १९९४ पासून तो करार अमलात आला आणि सदस्यसंख्या पुढे १९ पर्यंत गेली. त्या यादीत अमेरिकाही होती आणि क्युबाही. दोघांचे एकमेकांशी राजनैतिक संबंध तुटलेले असतानाच्या काळात! सदस्य देशांची स्वतःची परिषद, स्वतंत्र वैज्ञानिक सल्लागार समिती, आणि अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून करायच्या प्रकल्पांना पैसा, अशी तिची रचना. इकडे १९९६ पासून आशिया-प्रशांत विभागाचे असेच एक जाळे काम करते, त्याचे कार्यालय जपानमध्ये कोबेला आहे. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका हे सहा त्याचे सदस्य आहेत. म्हणजे आपले शास्त्रज्ञ एकत्र काम करू शकतात, तशी संधी त्यांना मिळतेही. फक्त तिचा पत्ता कोबेचा असतो.

चौथी तक्रार व्हिसाची. ती चार ओळींत संपेल, कारण तिच्यात समजावून सांगण्यासारखे काही नाही. आमच्या तीन देशांच्या प्रकल्पाची एकही बैठक आम्हा तिघांपैकी कुणाच्याही देशात होऊ शकली नाही. आम्ही भेटलो ते तिसऱ्याच खंडात, दुसऱ्या एका मोठ्या परिषदेच्या मधल्या सुट्टीत, जिन्याखालच्या एका टेबलाशी. दोन शहरांमधले अंतर विमानाने तासाभराचे. आम्ही तिघांनी मिळून त्यासाठी अर्धे जग ओलांडले. हवामानबदलावर काम करणाऱ्यांनी त्यासाठी जाळलेल्या इंधनाचा हिशेब मी इथे देत नाही.

तुम्ही म्हणाल, आधी राजकारण सुधारू द्या, मग विज्ञानाचे बघू. हा क्रम मला मान्य नाही. पश्चिम हिंदी महासागराचे पृष्ठभागाचे पाणी १९०१ ते २०१२ या काळात सुमारे १.२ अंश सेल्सिअसने तापले आहे. ते तुमच्या वाटाघाटींसाठी थांबलेले नाही. शिवाय राजकारण सुधारेल तेव्हाही आकडे लागतीलच, आणि मधल्या वर्षांत जे मोजलेच गेले नाही किंवा जपूनच ठेवले गेले नाही ते तेव्हा कुठून आणणार? चुकलेला पावसाळा पुन्हा मोजता येत नाही.

तेव्हा मागण्या. त्यांतली एकही मोठ्या पैशाची नाही.

१. वीस वर्षांहून जुने असलेले पाऊस, नदीप्रवाह आणि भूजलपातळी यांचे सर्व आकडे आठही देशांनी संशोधनासाठी खुले करावेत. जागतिक हवामान संघटनेने २०२१ मध्ये आकड्यांच्या खुल्या देवाणघेवाणीचे एकत्रित धोरण स्वीकारले आहे, तुमचे देश त्या संघटनेचे सदस्य आहेत. त्या धोरणानुसार आपापले नियम केव्हा बदलणार, त्याची तारीख जाहीर करावी.

२. पूर, हिमसरोवर आणि धरणातून सोडलेले पाणी यांचे इशारे कोणत्याही करारापासून, तणावापासून आणि मनाच्या मोठेपणापासून वेगळे काढावेत. ते यंत्राने, आपोआप, थेट खालच्या अंगाच्या देशाच्या पूरकक्षात जावेत. चक्रीवादळाच्या बाबतीत हे आपण करतोच.

३. दक्षिण आशियाच्या पर्यावरणीय बदलांच्या संशोधनासाठी करारावर आधारलेली एक संस्था स्थापन करावी. तिचा कारभार शिखर परिषदेकडे नसावा. तिच्या स्थापनेला आठही देश एकाच दिवशी लागतील असेही नाही, ज्या चार-पाच देशांची तयारी आहे त्यांनी सुरुवात करावी आणि इतरांसाठी दार उघडे ठेवावे. कार्यालय कुठे असावे यावर भांडण होणार असेल तर मालेला ठेवा. समुद्र चढत असल्याची आठवण तिथे कुणाला करून द्यावी लागणार नाही.

४. माले जाहीरनाम्याला १९८४ च्या युरोपीय मसुद्यासारखी पैशाची जोड द्यावी. हवेच्या मोजणीची ठाणी सीमेच्या दोन्ही बाजूंना, एकाच पद्धतीने, एकमेकांच्या उपकरणांची जुळणी करून चालवावीत. म्हणजे पुढच्या हिवाळ्यात भांडायचेच झाले तर निदान एका आकड्यावरून भांडता येईल.

५. या विषयांवर काम करणाऱ्या संशोधकांना पाच वर्षांचा, अनेक वेळा ये-जा करता येईल असा व्हिसा द्यावा. तपासणी हवी तेवढी कडक करा, पण एकदाच करा, आणि नकार दिलात तर तीस दिवसांत कळवा.

६. कालबैशाखीचा संयुक्त प्रयोग पुन्हा सुरू करावा. ज्यांनी तो केला होता त्यांच्यातले बरेच जण निवृत्तीला आले आहेत. त्यांचे हात अजून चालत आहेत तोवर नव्या पोरांना त्यांच्या शेजारी उभे करा.

यांपैकी कोणती मागणी मान्य नाही आणि का, हे कळले तरी मला चालेल. मौनापेक्षा नकार बरा, त्याच्याशी वाद घालता येतो. पुढच्या मोसमी अंदाजाच्या बैठकीला तुमच्याच खात्यांचे अधिकारी एकत्र येतील. पहिल्या आणि दुसऱ्या मागणीवर बोलायला तेवढे निमित्त पुरेसे आहे, त्यासाठी वेगळी परिषद भरवायची गरज नाही.

कळावे,
आपली,
पावसाच्या आकड्यांवर काम करणारी एक संशोधक

ता. क. : पलीकडच्या सहकाऱ्याचा परवा निरोप आला. तो रोजचे आकडे अजून लिहून ठेवतो आहे, एकही दिवस चुकलेला नाही. परवानगी आली तर एका संध्याकाळीत सगळे पाठवीन म्हणाला. उजवीकडचे स्तंभ मी पुसलेले नाहीत.